मार्चपासूनचे वार

मास्तरांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ही गोष्ट अकरा वर्षं फक्त मला ठाऊक होती. त्या सकाळी मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसलो होतो. लेकीचा फोन आला आणि ती गोष्ट दोघांची झाली.

‘बाबा, हे मास्तर कोण?’

‘कोण मास्तर?’

‘मला काय विचारतोस? तुझ्याच यादीत आहेत. “मास्तरांना उत्तर.” रोज सकाळी डोळे उघडले की माझ्या फोनवर हजर. गच्चीतला नळ झाला, पेन्शनचा दाखला झाला, डोळ्यांचे डॉक्टर झाले. मास्तर काही जागचे हलत नाहीत.’

मी म्हणालो, ‘अगं, ते असंच जुनं काहीतरी आहे.’

‘जुनं म्हणजे किती? इथे तेवीस दिवस दाखवतंय.’

तेवीस दिवस हा आकडा ऐकून खरं तर मला थोडं बरंच वाटलं.

ते कॅलेंडरचं ॲप तिनेच माझ्या फोनात घालून दिलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी दोनदा चुकवली होती. दुसऱ्यांदा तर मी छान कपडे करून गेलो आणि दवाखान्याला कुलूप. मी एक दिवस उशिरा पोचलो होतो. लेक सुट्टीत आली तेव्हा तिने माझी कागदी डायरी समोर ठेवली, पहिल्या पानावरची ‘राहिलेली कामं’ वाचली आणि एकेक करून फोनात भरली. एक महिना फुकट होता. त्यानंतर वर्षाची वर्गणी. ती भरायची की नाही, हे महिना संपायच्या आत ठरवायचं होतं.

वर्गणी फार नव्हती. पुस्तकांवर मी त्याच्या तिप्पट रक्कम कधीही उधळली आहे आणि घरी येताना पिशवी लपवली आहे. तरी हे पैसे द्यावेत की नाही, ते मला ठरवता येईना. मला तसं काहीच पटकन ठरवता येत नाही. बायको म्हणायची, ‘तुम्हाला दोन रस्ते दिसले की तुम्ही तिथेच घर बांधाल.’

समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाईंना मी विचारून पाहिलं.

‘आठवण करून द्यायचे पैसे?’ त्या म्हणाल्या. ‘मी रोज दारातून फुकट ओरडते, गोळी घेतली का म्हणून. ते नाही ऐकू येत?’

‘तसं नाही. वर्गणी भरली तर राहिलेलं काम ते आपोआप दुसऱ्या दिवसावर नेतं. आणि लेकीलाही दिसतं.’

‘आणि नाही भरली तर?’

‘मग नेत नाही. काम ज्या तारखेचं त्या तारखेलाच पडून राहतं. आपण ते पान उलटून बघितलं तर दिसेल.’

‘मग पैसे कशाचे? काम करायचे की न करायचे?’ असं म्हणून त्या हसल्या आणि दार लावून घेतलं.

मी मात्र दारातच उभा राहिलो. कारण हा उद्योग मी अनेक वर्षं हाताने करत आलो होतो. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी जुनी डायरी डावीकडे ठेवायची, नवी उजवीकडे, आणि राहिलेल्या कामांची यादी या डायरीतून त्या डायरीत उतरवायची. सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून. ‘मास्तरांना उत्तर’ हे मी अकरा वेळा उतरवलं होतं. दरवेळी ते लिहिताना वाटायचं, चला, निम्मं काम झालं.

लेकीने दुपारी पुन्हा फोन केला. तिच्यात तिच्या आईचा चिवटपणा आहे.

‘हं, सांग आता. मास्तर म्हणजे शाळेतले का?’

‘नाही गं. प्रेसमधले. जुळारी होते. छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.’

‘त्यांनी तुला पत्र लिहिलं होतं?’

‘हो.’

‘आणि तू उत्तर नाही दिलंस. तू? अरे, तू विजेच्या बिलाच्या माणसालासुद्धा “महोदय” लिहून उत्तर पाठवतोस.’

तेव्हा मी तिला सांगितलं. तिच्या आईलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी मी एका छापखान्यात प्रूफं वाचायचो. तिथे डायऱ्या छापल्या जात. दर दिवसाला एक पान, वर तारीख आणि वार, खाली रेघा. आदल्या वर्षाची पानं मोडत नसत. जुळवलेले खिळे सुतळीने बांधून मांडणीवर ठेवलेले असायचे. पुढच्या वर्षी तारखा त्याच राहायच्या, फक्त वाराचे खिळे काढून नवा वार बसवायचा. साधं वर्ष असेल तर प्रत्येक तारखेचा वार एकाने पुढे सरकतो. हे काम मास्तर करायचे. त्यांना तक्ता लागत नसे. बोटांच्या पेरांवर मोजायचे. कामगारांची करमणूकच होती ती. कुणीही यायचं, ‘मास्तर, माझा जन्म अमुक तारखेचा,’ की मास्तर डोळे मिटून अंगठा पेरांवरून फिरवायचे आणि म्हणायचे, ‘मंगळवार. म्हणूनच असा हट्टी निपजलास.’ वार कधी चुकला नाही.

मी त्यांच्या उलट. मला कशाचीच खात्री नसायची. शंका आली की मी समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढायचो. शंका मला सारखीच यायची. एकदा मालकांनी सगळ्यांसमोर प्रूफ हलवत विचारलं, ‘साहेब, तुमच्या प्रश्नचिन्हांना उत्तरं द्यायला मी आणखी एक माणूस ठेवू का? काय चूक ते लाल शाईने लिहा, नाहीतर घरी बसून कादंबऱ्या वाचा.’ सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, एवढं आठवतं.

त्याच आठवड्यात एका विमा कंपनीच्या डायरीची प्रूफं आली. पाच हजार प्रती. चालू वर्ष लीप होतं. जानेवारी-फेब्रुवारीचे फर्मे, म्हणजे एकदम छापायच्या पानांचे संच, मी आधीच वाचून छपाईला दिले होते. तिथे वार दोनाने सरकले होते आणि ते बरोबर होतं, कारण मध्ये एकोणतीस फेब्रुवारीचा जास्तीचा दिवस येऊन गेला होता. मग मार्चचा फर्मा टेबलावर आला. तिथे मास्तरांनी वार एकानेच सरकवला होता. चालू वर्षी एक मार्चला गुरुवार होता. त्यांनी शुक्रवार लावला होता. मला वाटलं, जानेवारीत दोन आणि मार्चमध्ये एक, असं कसं? लीप वर्षानंतर दोन म्हणजे दोन. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर यायला अजून अवकाश होता. फेब्रुवारीचं शेवटचं पान समोर असतं तर मी लगेच ताळा पाहिला असता, पण तो फर्मा खाली यंत्रावर होता. दोन जिने उतरायचे होते.

आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री वाटली. मी लाल शाईचं पेन उचललं आणि शुक्रवार खोडून शनिवार केला. पुढे डिसेंबरपर्यंत प्रत्येक पानावर तेच.

मास्तर प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आले.

‘साहेब, जास्तीचा दिवस फेब्रुवारीत संपला. मार्चच्या आधीच. तिथून पुढे एकच सरकतो.’

‘मास्तर, मी बघितलंय.’

‘एकदा पेरांवर मोजून दाखवू?’

‘पेरांवर पाच हजार डायऱ्या छापत नाहीत,’ मी म्हणालो. हे वाक्य माझं नव्हतं. मालकांच्या तोंडी शोभलं असतं. आजूबाजूचे दोघेतिघे हसले आणि मला ते आवडलं.

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. एक मार्चच्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘शुक्रवारच. पुन्हा पाहावे.’ मी त्याखाली लाल शाईत लिहिलं, ‘खुणेप्रमाणे करावे.’ आमच्याकडे रीतच होती, लाल शाई आली की जुळाऱ्याने वाद घालायचा नाही. त्यांनी खुणेप्रमाणे केलं.

डायऱ्या बांधून गेल्या आणि जानेवारीत परत आल्या. अठ्ठावीस फेब्रुवारी गुरुवार आणि एक मार्च शनिवार. मालकांनी दोघांना आत बोलावलं.

‘मार्चचं प्रूफ कुठे आहे?’

छापून झाल्यावर प्रूफ माझ्याकडे परत यायचं. ते त्या क्षणी माझ्या पिशवीत होतं, दोन पुस्तकांच्या मध्ये. मी म्हणालो, ‘शोधावं लागेल.’

मास्तर म्हणाले, ‘मालक, मी प्रुफाप्रमाणेच जुळवलं.’

‘मग प्रूफ दाखवा.’

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे पाहत होतो. त्यात किती टाचण्या होत्या हेही मी सांगू शकेन. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांना वापरलेले खिळे परत पेटीतल्या घरांत टाकायच्या कामावर बसवलं. क चे टाकायचे क च्या घरात, म चे म च्या. नवशिक्यांचं काम. चार महिन्यांनी ते सोडून गेले.

माझं सांगून झालं.

‘आणि पत्रात काय लिहिलं होतं?’ लेकीने विचारलं. आवाज मऊ नव्हता.

मी ते आणून वाचून दाखवलं. तेही दोन पुस्तकांच्या मध्येच होतं. मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं, शब्दांत सारखं अंतर.

‘साहेबांना नमस्कार. मालक आता नाहीत, प्रेसही नाही, तेव्हा कुणाचं काही बिघडणार नाही. त्या डायरीच्या मार्चच्या प्रुफावर मी पेन्सिलीने काही लिहिलं होतं, असं मला आठवतं. मुलगी म्हणते, बाबा, तुमच्याच हातून झालं असेल, इतकं काय मनाला लावून घेता. आता मलाही कधी कधी तसंच वाटतं. वयामुळे खात्री जात चालली आहे. आपल्याला काय आठवतं, तेवढं एका ओळीत कळवावं. खाली मुलीचा नंबर दिला आहे.’

‘नंबर होता,’ लेक म्हणाली.

‘हो.’

‘अकरा वर्षं.’

‘फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहितेय.’

‘बाबा, मला आता तुझी दया-बिया येत नाहीये. तू फोन ठेव आणि त्यांना लाव. माझ्याशी नंतर बोल.’

मी कप विसळून ठेवला, चष्मा पुसला आणि आणखी काही पुसण्यासारखं आहे का ते पाहिलं. मग नंबर लावला. मला मनापासून वाटत होतं की तो लागू नये. दुसऱ्या घंटेला उचलला.

‘कोण बोलतंय?’ बाईचा आवाज. मागे कुकरची शिट्टी.

‘मी... तुमच्या वडिलांबरोबर प्रेसमध्ये होतो. प्रूफं वाचायचो.’

‘अय्या, साहेब का? बाबा तुम्हाला साहेबच म्हणायचे. थांबा हं, गॅस बारीक करते.’ ती परत आली. ‘बोला काका.’

‘मास्तर आहेत का?’

‘बाबा जाऊन दीड वर्ष झालं की. तुम्हाला नाही कळलं? कसं कळणार म्हणा. आम्ही तरी कुणाकुणाला कळवणार.’

मी काहीतरी बोललो असेन. ती बोलतच राहिली. मोकळी बाई होती, वडिलांसारखीच.

‘त्रास काही झाला नाही हो. झोपेतच गेले. तुमची आठवण काढायचे मधूनमधून. तुम्हाला पत्र टाकलं होतं ना त्यांनी? महिनाभर रोज पोस्टमनला विचारायचे. मी म्हटलं, बाबा, पत्ता बदलला असेल. तर म्हणाले, नाही, परत आलं नाही म्हणजे पोचलंय.’

‘पोचलं होतं,’ मी म्हणालो.

‘हो ना? तेच म्हणाले. मग एक दिवस जेवता जेवता स्वतःच म्हणतात, साहेब फार सज्जन माणूस आहे, बाई. चूक माझीच होती, पण ते मला कसं लिहायचं म्हणून बिचारे गप्प बसलेत. झालं. त्या दिवसापासून पोस्टमनला विचारणं बंद.’

माझ्या हातातला फोन गरम झाला होता. मी तो दुसऱ्या कानाला लावला.

‘आणि तुम्हाला माहितेय ना, ते तारखेवरून वार सांगायचे?’ ती हसली. ‘नातवंडं मागे लागायची, आजोबा सांगा, आजोबा सांगा. नंतर नंतर सांगेनातच. म्हणायचे, भिंतीवर बघा, माझा काय भरवसा. काका? ऐकू येतंय ना?’

‘येतंय.’

आता सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती, त्यातलं एकसुद्धा लांब नव्हतं. पण मी म्हणालो, ‘पत्ता तोच आहे का?’

‘तोच. का हो?’

‘एक कागद पाठवायचा आहे. तुमच्या वडिलांचा आहे. माझ्याकडे राहून गेला.’

‘आता कशाला तसदी? टाकून द्या ना काका, जुनं काही असेल तर.’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘टाकून देण्यासारखा नाही.’

त्या दुपारपासून मी पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात माझा स्वभाव होता, मालकांचा स्वभाव होता, त्या काळातली परिस्थिती होती, माझी तब्येत होती. दुसऱ्या दिवशी मी तो प्रुफासारखा वाचला. जिथे जिथे मी स्वतःची बाजू मांडली होती तिथे लाल शाईने काट मारत गेलो. चार पानांची दोन झाली, दोनाचं अर्धं. अर्ध्यातही ‘कदाचित’ तीनदा आलं होतं. ते तिन्ही काढले.

आणखी एक अडचण होती. पत्र लिहायचं कुणाला? मुलीला लिहावं तर विचारलं तिने नव्हतं, मास्तरांनी. दोन दिवस मी वरची जागा कोरी ठेवली. शेवटी मास्तरांनाच लिहिलं.

‘मास्तरांना नमस्कार. आपलं पत्र त्याच आठवड्यात मिळालं होतं. आपल्याला आठवतं ते बरोबर आहे. प्रुफावर आपण पेन्सिलीने शुक्रवार लिहिलं होतं. शनिवार मी केला, लाल शाईने. मालकांनी प्रूफ मागितलं तेव्हा ते माझ्या पिशवीत होतं. सोबत जोडलं आहे. मार्चपासूनचे सगळे वार आपले बरोबर होते.’

खाली सही केली. मग आणखी एक चिठ्ठी मुलीसाठी लिहिली: ‘हे पत्र आपल्या वडिलांना अकरा वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं. नातवंडांना वाचून दाखवावं.’ प्रूफ पिवळं पडलं होतं, पण पेन्सिल पुसलेली नव्हती. घडीवर फाटेल म्हणून मी ते पुठ्ठ्याला लावून मोठ्या पाकिटात घातलं.

सकाळी निघताना लेकीचा फोन.

‘बाबा, महिना आज संपतोय. घ्यायचं का ते वर्षभराचं? मी इथून भरते, तू पैशाचं बघू नकोस.’

‘नको.’

‘का? डॉक्टरांच्या वेळा चुकवशील पुन्हा.’

‘त्या लिहून ठेवीन. फुकटवाल्यात तेवढं होतं.’

‘मग नको कशाला? उपयोग तर झाला ना?’

‘झाला,’ मी म्हणालो. ‘पण आजचं उद्यावर ढकलायला पैसे देऊन माणूस कशाला ठेवायचा? ते मी स्वतः चांगलं करतो.’

ती हसली नाही. म्हणाली, ‘पाकीट नीट चिकटवलंयस ना?’

‘हो.’

‘जा मग.’

पोस्टात खिडकीशी रांग होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, तिकिटं मोजून दिली, मी ती तिच्यासमोरच चिकटवली. तिने पत्ता वाचला.

‘आत महत्त्वाचं काही आहे का, आजोबा? रजिस्टर करायचं?’

मी म्हणालो, ‘करा.’

तिने पावती फाडून दिली, पाकिटावर शिक्का मारला आणि मागे न बघता ते पोत्यात टाकलं. पोतं आधीच निम्मं भरलेलं होतं. पाकीट कडेने घसरत खाली गेलं आणि दिसेनासं झालं. मी खिडकीशीच उभा होतो. सवयीने मला वाटत होतं, ते एकदा परत मागून वाचून घ्यावं.

‘झालं ना, आजोबा?’ मागचा माणूस म्हणाला. ‘सरका की जरा.’

मी सरकलो.